सीटबेल्ट आधी विमानात आला

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सीटबेल्टवरचा लेख वाचला. लेख उपयुक्त आहे, पण 'सीटबेल्टचा जन्म १९५९ साली मोटारीत झाला' हे वाक्य खटकलं. माझी सारी नोकरी हवाई दलात विमानांच्या देखभालीत झाली. उड्डाणाआधी शिडीवर चढून वैमानिकाचे पट्टे आवळून द्यायचे, हे रोजचं काम. म्हणून हा पत्रप्रपंच.

१९१० साली अमेरिकी लष्कराकडे एकच विमान होतं, राइट बंधूंचं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला ते उडवायची जबाबदारी लेफ्टनंट बेंजामिन फुलॉय यांच्यावर आली. हा गृहस्थ विमान चालवायला बराचसा पत्रव्यवहारातून शिकला. चूक झाली की राइट बंधूंना पत्र टाकायचं आणि उत्तराची वाट बघायची! त्या विमानात वैमानिक पंखाच्या पुढच्या काठावर उघड्यावर बसे. एका हिसक्यात फुलॉय जवळजवळ बाहेर फेकलेच गेले. त्यांनी सरळ तोफखान्याच्या खोगीरवाल्याला गाठलं आणि चामड्याचा पट्टा करून घेतला. म्हणजे आपल्या बेल्टचं मूळ घोड्याच्या सामानात आहे.

पण एकानं पट्टा बांधला म्हणून बाकीच्यांनीही लगेच बांधला, असं झालं नाही. २० जून १९१३ रोजी ॲनापोलिसजवळ अमेरिकी नौदलाचं विमान सुमारे १६०० फुटांवर वाऱ्याच्या झोतात सापडलं. चालवणारे बिलिंग्सली आणि शेजारी बसलेले जॉन टॉवर्स, दोघेही जागेवरून उडाले. बिलिंग्सली खाली गेले. अमेरिकी नौदलाच्या विमानसेवेतला तो पहिला मृत्यू. टॉवर्सच्या हाती पंखाचा खांब लागला. त्याला लोंबकळत ते विमानासकट चेसापीकच्या उपसागरात कोसळले, जबर जखमी झाले, पण वाचले. विमानं बनवणारे ग्लेन कर्टिस यांनी त्यांच्याकडून सगळी हकीकत ऐकून घेतली आणि पुढे पट्टे व हार्नेस (अंगाभोवती आवळायचे जोडपट्टे) वापरात आले, ते याच अपघातातून. टॉवर्स पुढे ॲडमिरल झाले.

नुसता कमरेचा पट्टाही पुरत नाही, हे १० मे १९१५ रोजी ब्रिटिश वैमानिक लुई स्ट्रेंज यांना कळलं. मशीनगनचं अडकलेलं गोल मॅगझिन (गोळ्यांचा डबा) काढायला ते उभे राहिले, पट्टा सरकला आणि विमान उलटं झालं. आता ते त्याच मॅगझिनला धरून हवेत लटकत होते! मघाशी 'निघ रे बाबा' म्हणून ज्याला शिव्या घातल्या, ते आता निघू नये अशी प्रार्थना करायची वेळ. विमान वळवायच्या दांड्याला कसेबसे पाय मारून त्यांनी विमान सुलटं केलं. त्या काळी ब्रिटिश वैमानिकांकडे पॅराशूट नसे, हे लक्षात घ्या.

तरी पट्ट्याला विरोध होताच. विमान पेटलं किंवा पाण्यात पडलं तर अडकून मरू, ही भीती खोटी नव्हती. त्यावरचा तोडगा ऑलिव्हर सटन या वैमानिकाच्या नावानं ओळखला जातो. दोन खांद्यांवरून, दोन मांड्यांवरून असे चार पट्टे, त्यांना ओळीनं भोकं, सगळी एकाच खिळीवर अडकवायची. खिळीची चाप ओढली की चारही पट्टे एकदम सुटतात. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरमध्येही हाच हार्नेस होता.

१९५९ चं श्रेय मला नाकारायचं नाही. व्होल्वोसाठी तीन टोकांचा बेल्ट करणारे निल्स बोलिन थोर खरेच; पण त्याआधी ते साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची) काम करत होते, एवढं लेखात यायला हवं होतं.

परवा नाशिकहून मुंबईला येताना मागच्या सीटवर बेल्ट शोधू लागलो, तर तो सीट कव्हरखाली गाडलेला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, गाडीनं पेट घेतला तर अडकाल ना!" त्याला सटनची खिळी समजावून सांगता सांगता कसारा घाट संपला. पुरवणीत एखादी चौकट छापलीत, तर कात्रण त्याला देईन म्हणतो.

– एक निवृत्त हवाई दल कर्मचारी, ओझर (नाशिक)