तो पोरगा गेला त्याबद्दल

दादर, मुंबई
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळ्या,

परवा फोन ठेवलास की आपटलास, कळलं नाही. नंतर दोनदा लावला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे.

तुझं म्हणणं असं की ज्या पोराला सहा वर्षं क्रिकेटमध्ये घडवला, ज्याच्या बुटांचे पैसे तू भरलेस, सकाळच्या नेट्सनंतर ज्याला वहिनींनी पोहे खायला घातले, तो ऐन मोसमात दुसऱ्या क्लबात गेला. तेही नुसता मेसेज टाकून. ‘फितूर’ हा शब्द तू चार वेळा वापरलास, मी मोजले.

मेसेजचा राग मला मान्य आहे. घरी येऊन, पाया पडून सांगायला काय धाड भरली होती? तेवढ्यापुरता मी पूर्ण तुझ्या बाजूने. पण तो गेला हाच गुन्हा, हे काही मला पटत नाही.

गेल्या रविवारी रात्री तू मॅच बघितलीसच असणार. नवी मुंबईत आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं, आणि कप्तान हरमनप्रीत सरळ जाऊन प्रशिक्षक अमोल मुजुमदारच्या पाया पडली. मी टीव्हीसमोर चक्क रडलो. बायको म्हणाली, वर्ल्ड कप त्यांनी जिंकला, तुम्हाला काय झालं? तिला काय सांगू? आपल्या वयाच्या दादर-माटुंग्याच्या माणसाला त्या एका दृश्यात काय काय दिसलं, ते तुलाच कळेल.

१९८८ साली शाळांच्या हॅरिस शील्डमध्ये सचिन-कांबळीनं ६६४ ची भागीदारी केली, तेव्हा अमोल पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला होता. (ती भागीदारी डोळ्यांनी बघितली असं सांगणारे सगळे गोळा केले तर आझाद मैदान पुरायचं नाही. तूही नव्हतास तिथे, उगाच पोरांना सांगत जाऊ नकोस.) मग रणजीच्या पहिल्याच सामन्यात हरियाणाविरुद्ध २६०. नंतर वर्षानुवर्षं धावा. आणि भारताच्या संघात जागा? वर द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण. दारच उघडलं नाही. तरी मुंबईसाठी खेळत राहिला. २००६-०७ ला कप्तान झाला, पराभवांनी सुरू झालेला मोसम रणजी करंडकावर नेऊन संपवला. अशा हार न मानणाऱ्यालाच आपण मुंबईत खडूस म्हणतो ना?

आणि असा माणूस २००९ मध्ये मुंबई सोडून आसामकडून खेळायला गेला. पुढे आंध्रकडून. कारकिर्दीच्या एकूण ११,१६७ प्रथम श्रेणी धावांमध्ये त्याही धावा आहेत. सांग आता, अमोल फितूर? तुझी जीभ वळेल?

वसीम जाफरचं तर याहून गमतीदार. मुंबईचा इतका मोठा खेळाडू २०१५ ला विदर्भात गेला तेव्हा कट्ट्यावर आपण काय बोललो होतो, आठवतंय? म्हातारा पेन्शन घ्यायला नागपूरला चालला. त्या म्हाताऱ्यानं १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीविरुद्ध विजयी चौकार मारला आणि विदर्भाला पहिलावहिला रणजी करंडक मिळाला. पुढच्या मोसमात चाळिशी ओलांडून हजाराच्या वर धावा काढल्या आणि करंडक परत नागपुरात. दोन्ही वेळा प्रशिक्षक कोण, तर आपला चंदू पंडित. तोच २०२२ ला मध्य प्रदेश घेऊन बंगळुरूच्या फायनलला आला, तेव्हा समोर मुंबई आणि मुंबईचा प्रशिक्षक अमोल. दोघेही आचरेकर सरांचे चेले! त्या दिवशी मुंबई हरली. मला वाईट वाटलं, पण कुणी घात केला असं वाटलं नाही. मध्य प्रदेशची पोरं आपल्यापेक्षा जास्त मुंबईकरासारखी खेळली, एवढंच.

आता जरा नाजूक बोलतो, रागावू नकोस. तो पोरगा तुझ्याकडे आला कुठून? नायगावच्या त्या मास्तरांकडून ना? टेनिस बॉलवर खेळणाऱ्या पोराला त्यांनी तीन वर्षं सीझन बॉलची, म्हणजे चामड्याच्या चेंडूची, सवय लावली. पिच म्हणजे शेणानं सारवलेलं अंगणच. एक दिवस तू त्याला तिथे बघितलंस आणि त्याच्या बापाला चहाला बोलावलंस. चहाचे पैसे मी दिले होते, म्हणून नीट लक्षात आहे. मास्तरांना कुणी विचारलं? आपण त्याला ‘पोराचं भलं’ म्हटलं. भलं झालंही. सचिननेसुद्धा वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रम धरलंच की आचरेकर सरांच्या सांगण्यावरून. वांद्र्याच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना त्या दिवशी काय वाटलं असेल, हा विचार आपल्याला चाळीस वर्षांत शिवला नाही.

माझंच घे. टाइम्स शील्डला, म्हणजे ऑफिसांच्या क्रिकेट स्पर्धेत, वरच्या विभागात खेळणाऱ्या एका ऑफिसचं बोलावणं आलं होतं मला, तू साक्षीदार आहेस. पगार जास्त, मोसमभर खेळायला रजा. मी नाही म्हटलं. ‘या ऑफिसनं नोकरी दिली, मीठ खाल्लंय,’ असं मी सगळ्यांना सांगितलं आणि तुम्ही लोकांनी पाठ थोपटली. तीन वर्षांनी माझ्याच ऑफिसनं खेळाडूंची भरती बंद केली, संघ मोडीत काढला, आणि मला काउंटरवर बसवलं. एका ओळीचं सर्क्युलर. हो, तोही मेसेजच म्हण!

पण ऑफिसला शिव्या देऊन मी सुटत नाही. खरी गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. मी गेलो नाही तो मिठाला जागून नाही, मी घाबरलो होतो. तिथे दोन रणजी खेळाडू होते, मी अकरात बसेन की नाही याची खात्री नव्हती. इथे मी राजा होतो. निष्ठेचं लेबल त्या भीतीला फार छान चिकटलं. इतकं की दहा-बारा वर्षं माझं मलाच खरं वाटत होतं.

बाबांचं मात्र तसं नव्हतं. त्यांनी गिरणीत तीस वर्षं काढली, ८२ च्या संपात शेवटपर्यंत युनियनबरोबर राहिले. मग गिरणीही गेली आणि युनियनही. घरी कधी कडवट बोलले नाहीत. फक्त गिरणीच्या जागी टॉवर उभा राहायला लागल्यावर त्या रस्त्यानं जायचे नाहीत, वळसा घालून मार्केटला जायचे. त्यांच्यापुढे मला माझी ‘निष्ठा’ हा शब्द उच्चारायला लाज वाटते.

तेव्हा पोरगा हावरट आहे का, मला माहीत नाही. असेलही. एकोणिसाव्या वर्षी नवी बॅट आणि टर्फ विकेट मिळत असेल तर मीही हावरट झालो असतो, हिंमत असती तर. यशस्वी जयस्वालनं एप्रिलमध्ये गोव्याकडून खेळण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र घेतलं आणि मे महिन्यात परत मुंबईकडे वळला. मुंबईनं घेतलं ना परत? सिद्धेश लाड तर गोव्यात खेळून आला. असोसिएशनवाल्यांचं मन एवढं मोठं असू शकतं (वाक्य लिहिताना मलाच हसू आलं), तर तुझं का नसावं?

बाकी इथे ठीक. गुडघा बोलतोय. शिवाजी पार्कला आपल्या जुन्या बाकावर आता मोबाइलवाली पोरं बसतात, उठा म्हणायची सोय नाही.

पुढच्या रविवारी क्रॉस मैदानावर त्याची नव्या क्लबाकडून पहिली मॅच आहे. बातमी त्याच्या बापानेच दिली. तुला कळवायचं त्याच्या मनात होतं, पण धीर होत नव्हता. मी नऊ वाजता चर्चगेटला उतरतोय. त्याचे थाय पॅड आणि ती तेल लावून ठेवलेली बॅट तुझ्या कपाटात पडली आहे असं वहिनी म्हणाल्या. येणार असशील तर घेऊन ये. नसशील तर शनिवारी मी येऊन घेऊन जाईन, पण चहा लागेल.

तुझा,
अन्या

ता. क. नायगावचे मास्तर अजून आहेत. मी काल चौकशी केली. त्यांनाही रविवारचं सांगितलं आहे.