सिस्टर, कुंकळ्ळीच्या त्या दिवसासाठी

आदरणीय सिस्टर,

पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय, पण तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही. जूनमध्ये तुमची गोव्याबाहेर बदली होतेय असं परवा कळलं, आणि इतकी वर्षं मनात राहिलेलं आता लिहून टाकावं असं वाटलं.

ताळगावच्या पठारावर एम.ए.ला आले तेव्हा डिचोलीबाहेर मी फारशी राहिलेलीच नव्हते. शुक्रवारी शेवटचं लेक्चर झालं की विद्यापीठाबाहेरच्या त्या छोट्या हॉलमध्ये वेगवेगळ्या धर्मांच्या मुलांनी एकमेकांशी बोलावं म्हणून तुमची बैठक असायची. मैत्रिणीनं ओढून नेलं म्हणून गेले. मनात धाकधूक होती, खोटं कशाला सांगू? घरी कळलं तर काय म्हणतील, ही तर होतीच. पण पहिल्याच दिवशी तुम्ही राज्यघटनेचं पुस्तक काढलंत. 25व्या कलमातलं सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य वाचलंत. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे सांगणारं 28वं कलमही वाचलंत. ''म्हणून आपण बाहेर बसतो, आणि म्हणून इथे कुणी कुणाला आपल्याकडे ओढायचं नाही. मीसुद्धा नाही,'' असं तुम्ही म्हणालात. माझी धाकधूक तिथेच संपली.

तुमचे नियम साधे होते. बोलायचं ते 'मी' म्हणून, 'आमच्यात असं असतं' म्हणून नाही. दुसऱ्याच्या धर्माबद्दल विचारायचं, सांगायचं नाही. इथलं बोलणं इथेच ठेवायचं. गप्प बसायचं असेल त्यानं खुशाल गप्प बसावं. आज मी स्वतः शिकवते तेव्हा कळतं, वीस-बावीस वर्षांच्या मुलांकडून 'मी' म्हणून बोलून घेणं किती कठीण असतं. धर्माबद्दल आपण सगळेच पाठ केलेलं बोलतो. वास्कोचा तो मुलगा पहिल्यांदा म्हणाला, की रोजे तो धरतो पण पहाटे हॉस्टेलवर एकट्यानं सहेरी करताना त्याला घरची फार आठवण येते, तेव्हा त्या हॉलमध्ये काहीतरी बदललं. तुम्ही वॉर्डनशी आणि मेसवाल्या काकांशी बोलून त्याची पहाटेची सोय केलीत, आणि आमच्यातले दोघे-तिघे त्याच्या सोबतीला उठू लागले. त्यावर भाषण असं कुणी केलं नाही.

मग माझे बाबा गेले.

बाबा लईराई देवीचे धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त. वैशाखातल्या पंचमीच्या शिरगावच्या जत्रेआधी व्रत पाळायचे, तळीवर आंघोळ करायचे आणि पहाटे होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालत जायचे. त्यांची वेताची काठी घरात कोपऱ्यात उभी असे. ते गेल्यावर सुतक फिटलं, बाराव्या-तेराव्याचं सगळं रीतसर झालं, मी हॉस्टेलवर परत आले. पण देवापुढे हात जोडवेनात. ज्या देवीसाठी बाबा जन्मभर आगीवरून चालले, तिच्यावरच मला राग होता, आणि हे आईला सांगायची सोय नव्हती. तुम्हाला सांगितलं.

त्या संध्याकाळी तुम्ही मला धीराचे शब्द दिले नाहीत. 'देवाची इच्छा' म्हणाला नाहीत, 'चांगल्या माणसांना देव लवकर नेतो' हेही नाही. ''बाय, तूं उलय, हांव आयकतां,'' तू बोल, मी ऐकते, एवढंच म्हणालात. मग विचारलंत, निखाऱ्यांवर जाण्याआधी बाबा काय करायचे? उपासाला घरी काय शिजायचं? मोगऱ्याची माळ कोण ओवायचं? अंधार पडेपर्यंत मी सांगत राहिले. तुम्ही मध्ये एकदाही आपल्या येशूकडे वळला नाहीत. तुमच्यासाठी तो किती जवळचा आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच त्या आवरण्याची किंमत कळते.

शेवटी मी विचारलं, बाबांच्या काठीचं आता काय करायचं? तुम्ही म्हणालात, ''हे मला सांगता येणार नाही. तुमच्या गावातल्या जुन्या धोंडांना विचार.'' मी गेले, विचारलं. त्यांनी काय सांगितलं ते आमच्या घरापुरतं राहू दे. पण पुढच्या पंचमीला मी होमकुंडाजवळ आईसोबत उभी होते, एवढं तुम्हाला कळायला हवं.

आपल्याला काय येत नाही हे तुम्ही दर वेळी स्पष्ट सांगत होता, हे मला फार मोठं वाटतं. वर्गातला एक जण रात्रंदिवस जागा राहू लागला, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला, तेव्हा तुम्ही त्याला प्रार्थनेला बसवलं नाहीत. बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात स्वतः घेऊन गेलात, रांगेत बसलात, त्याच्या घरच्यांशी बोललात. प्रार्थनेचं विचारलं तर म्हणालात, ती मी करतेच आहे, पण औषधाच्या जागी नाही. आमच्या स्टाफरूमबाहेर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोठ्या अक्षरात मी लावून घेतलाय, तो तुमच्यामुळे.

आता कुंकळ्ळीबद्दल.

गोव्यात धर्मांच्या सलोख्याचं बोलायचं तर गोड गोष्टींना तोटा नाही. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, ही आमच्या लईराईची बहीण, हे मी लहानपणापासून ऐकलंय, आणि तिच्या फेस्ताला तेल घेऊन रांगेत उभी राहिलेली हिंदू माणसं पाहिलीत. ते खरंच आहे आणि मला प्रिय आहे. पण तेवढंच बोलून थांबलं, की मनातली अढी तशीच राहते. सगळे धर्म एकच, असं कुणी लगेच म्हणालं की तुम्ही विचारायचात, ''एकच कसे? नीट सांग.'' कुंकळ्ळीला तुम्ही आम्हाला नेलंत ते याचसाठी.

1583 साली दक्षिण गोव्यातल्या या गावात पाच जेझुइट पाद्री मारले गेले. पोर्तुगीज राजवटीत इथल्या सासष्टी भागात देवळं पाडली जात होती, ती जखम ताजी होती. मग पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांतल्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांना मारलं. त्या पाच जणांना चर्चनं 1893 साली धन्य घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. गावकऱ्यांच्या प्रमुखांचं स्मारकही आज कुंकळ्ळीत उभं आहे. त्या पाच जणांचं चॅपल आणि हे स्मारक, दोन्ही आपण एकाच सकाळी पाहिलं.

वाटेत बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. मग चॅपलच्या पायऱ्यांवर बसवून तुम्ही काम दिलंत: समोरच्याच्या मेलेल्या माणसांबद्दल असं बोला, की ते त्यांच्या घरच्यांना ऐकवेल. कुडतरीच्या आपल्या ख्रिस्ती मित्राकडे असोळणा आलं, माझ्याकडे ते पाच पाद्री. मला सुरुवात करवेना. देवळांचं आठवत होतं. तुम्ही घाई केली नाहीत. शेवटी मी म्हटलं, की ती माणसं समुद्र ओलांडून आली होती आणि त्यांची वाट पाहणारी कुणी आई असेल. तो म्हणाला, बोलणीला बोलावलेल्या माणसाला मारणं हे त्याच्या धर्मात पाप आहे, आणि पुढे त्याला बोलता आलं नाही. कोण बरोबर होतं, याचा निकाल तुम्ही लावू दिला नाहीत. 'झालं ते विसरू या' हेही म्हणू दिलं नाहीत.

परतताना तुम्ही सांगितलंत, की शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणात, फातर्पे गावाहून शांतादुर्गेची छत्र्यांची मिरवणूक कुंकळ्ळीला येते आणि त्यात ख्रिस्ती गावकरीही सामील होतात. हे तुम्ही आधी सांगितलं असतं, तर आम्ही त्यावरच समाधान मानलं असतं. तुम्ही ते शेवटी ठेवलंत. पुढच्या शिगम्याला मी आणि तो मित्र दोघंही गेलो. त्याच्या आजीनं आम्हाला जेवू घातलं. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांबद्दल आम्ही अजूनही वेगवेगळा विचार करतो, आणि तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे.

आपल्याकडे कॉलेजात मानसोपचाराची, करिअरची सोय हळूहळू होतेय, पण मुलगा किंवा मुलगी देवाशी भांडत असेल तर तिनं कुणाकडे जायचं, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी नाही. परदेशातल्या अनेक विद्यापीठांत त्यासाठी वेगवेगळ्या धर्मांचे चॅपलन, म्हणजे मुलांचं ऐकून घेणारे धर्मसेवक, नेमलेले असतात. तुम्हाला कुणी नेमलं नव्हतं. दिवसभर शाळेत शिकवून तुम्ही संध्याकाळी कदंबाच्या बसनं पठारावर यायचात.

आता मी माझ्या कॉलेजच्या मुलांना कुंकळ्ळीला नेणार आहे. काही पालक नाराज आहेत. जुनं कशाला उकरता, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांची भीती मला समजते. पंचमीची जत्रा झाली की पुढच्या रविवारी त्यांची सभा ठेवलीय. त्यांच्याशी मी बोलेनच, पण तुम्ही शेजारी असाल तर बरं होईल. जायच्या आधी याल का? आमच्याकडेच राहा, आई तुमची खोली आवरून ठेवते म्हणालीय. कुडतरीचा मित्र गाडी घेऊन न्यायला येईल.

देव बरें करूं, सिस्टर.

तुमची,
डिचोलीची बाय