वलांडीवरच्या बोंबलांचा पंचनामा कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात पाऊस कोसळला की आपल्या दैनिकात भिजलेला कांदा, गळून पडलेला आंबा, सखल भागात साचलेलं पाणी हे सगळं येतं, आणि यायलाच हवं. त्याच पावसात मढ, भाटी, वेसावे, मनोरी, गोराईच्या किनाऱ्यावर काय भिजतं, ते मात्र क्वचितच छापलं जातं. म्हणून हे पत्र.

बोंबील हा निम्म्याहून जास्त पाण्याचाच मासा. डोलीत, म्हणजे डोल जाळ्यात, आलेला बोंबील बायका साफ करतात, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी वलांडीच्या, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवाच्या, दोरीवर टांगतात. कडक ऊन आणि वारा मिळाला तर तीनेक दिवसांत माल तयार होतो. मध्येच एक सर आली तर तो पिवळा पडतो, वास मारतो, अळी धरते. ‘ताडपत्री टाकायची ना’ असं शहरातले लोक सहज सुचवतात. ताडपत्रीखाली ओला बोंबील घामेजतो आणि उघड्यावरच्यापेक्षा लवकर सडतो. जवळा खळ्यात, म्हणजे वाळवणाच्या अंगणात, पसरलेला असतो, तो तर गोळा करेपर्यंत वाहून जातो. असा माल मग कोंबड्यांच्या खाद्यासाठी किंवा खतासाठी मिळेल त्या भावाने द्यायचा.

2025 साली मे सुरू झाल्यापासूनच अवकाळी सरी येत होत्या. मग 26 मेला मोसमी पाऊसच मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख 11 जून. 1950 पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता आणि कुलाब्याच्या मे महिन्यातल्या पावसाने तर 1918 चा विक्रम मोडला. हवामान खात्यासाठी तो विक्रम. आमच्यासाठी ती आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची विक्री, बुडाली. 1 जूनपासून मासेमारी बंद होते, पुढचे दोन महिने घर चालतं ते सुक्या मासळीवर, आणि आगोटीचं गिऱ्हाईक येतं ते मेच्या शेवटच्या पंधरवड्यातच.

त्या वेळी आम्ही काही बायका एका सरकारी कार्यालयात गेलो. पंचनामा पिकाचा होतो, घराचा होतो, बोटीचा होतो; सुक्या मासळीचा रकाना नाही, असं ऐकून परत आलो. समोरचा माणूस काही वाईट नव्हता. रकाना खरंच नव्हता. आपत्ती मदतीच्या निकषांत मच्छीमारांसाठी बोट आहे, जाळं आहे, मत्स्यबीज केंद्र आहे. बोट आणि जाळं बहुधा पुरुषाच्या नावावर असतं. मासळी किनाऱ्याला लागली की पुढचं काम बाईचं, आणि त्या टप्प्यावरचं नुकसान सरकारी कागदावर उमटतच नाही. क्यार आणि महा वादळांनंतर 2020 मध्ये राज्याने पॅकेज दिलं, त्यात मासळी विकणाऱ्या महिलांना शीतपेट्या होत्या. ताजी मासळी विकणारीला त्यांचा उपयोग, पण शीतपेटीत बोंबील वाळत नाही!

आता सबबही उरलेली नाही. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतकऱ्याचं खळ्यावरचं धान्य भिजलं की आपण हळहळतो, मग आमच्या खळ्याने काय पाप केलंय? निकष बदलता येत नाहीत असंही नाही. ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती राज्याने 2023 मध्येच मान्य केली.

मोजायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. कुठल्या बोटीने किती डिझेल घेतलं याची नोंद मच्छीमार सोसायटीकडे असते. त्याच वहीत बाईच्या नावाने वलांड्या आणि खळं लिहून ठेवायला काय हरकत आहे? हे काम हंगाम सुरू होताना, ऑक्टोबरात झालं पाहिजे. पाऊस पडून गेल्यावर सडका माल आठवडाभर दाखवायला ठेवणार कोण? त्यासाठी वाळवणाची जागा आधी नकाशावर आली पाहिजे. कोळीवाड्यांचं सीमांकन करताना घरं मोजली जातात, वलांड्यांची जागा मोकळी जमीन म्हणून सुटते, आणि मोकळ्या जमिनीवर या शहरात कोणाकोणाचा डोळा असतो हे वेगळं सांगायला नको.

महापालिकेचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये आला. 2050 पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं त्यात ठरलंय. कचरा, हिरवाई, पूर, ऊर्जा आणि इमारती, हवा, वाहतूक असे त्याचे सहा विभाग. उपजीविकेचा वेगळा विभाग नाही. सौर वाळवणयंत्रांबद्दल सभांमधून खूप ऐकायला मिळतं. यंत्र चांगलं आहे, पण डोलीची एक बोट जेवढा माल आणते, त्यातला किती त्यात मावेल? सामायिक मोठी शेड, वर पारदर्शक पत्रा, बाजूने वारा खेळता, अशी एक तरी किनाऱ्यावर उभारून दाखवावी. वेसाव्यात केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, तिथल्या तज्ज्ञांना यात घ्यावं. आणि आराखडा करताना वाळवण करणाऱ्या बायकांनाही बसवावं. वरळीच्या मच्छीमारांनी हट्ट धरला म्हणून सागरी किनारा रस्त्याच्या दोन खांबांमधलं अंतर 60 मीटरवरून 120 मीटर झालं, हे सगळ्यांनी पाहिलंय.

मत्स्यव्यवसाय आणि महसूल या दोन्ही खात्यांनी येत्या ऑक्टोबरपूर्वी सुक्या मासळीच्या पंचनाम्याचा नमुना काढावा आणि त्यात अर्जदार म्हणून वाळवण करणाऱ्या बाईचंच नाव असावं, एवढी मागणी आपल्या दैनिकामार्फत करते.

— सुकी मासळी विकणारी एक वाचक, मढ, मुंबई