पूर्वपरीक्षेचे तपासलेले पेपर मुलांना घरी न्यायला द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवार पेठेत माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. शाळाही जवळ आणि क्लासही, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दुकानात दहावीच्या पोरांचीच गर्दी. हे पत्र माझ्याच गल्ल्यावर उठणारं आहे, तरी छापावं ही विनंती.

पोरं झेरॉक्सला काय आणतात त्यावरून त्यांचा अभ्यास कसा चाललाय ते कळतं. सध्या चलती आहे दुसऱ्याच्या नोट्सची. वर्गातल्या एखाद्या हुशार मुलीची वही फिरत फिरत माझ्या काउंटरवर येते आणि निम्मा वर्ग तिच्या प्रती काढून नेतो. 'काका, स्पायरल करा, वरनं प्लास्टिक घाला.' त्या वहीचा फायदा जिनं ती लिहिली तिला कधीच होऊन गेलेला असतो. धडा वाचून काय घ्यायचं, काय सोडायचं हे तिनं ठरवलं, तोच तिचा अभ्यास. बाकीच्यांच्या हाती नुसता कागद पडतो.

दुसरा प्रकार मार्करचा. पिवळ्या रंगाला मशीन फारशी दाद देत नाही, पण गुलाबी आणि हिरवा काळपट उमटतो. पानभर मार्कर फिरवलेलं असलं की प्रतीवर राखाडी पट्टेच पट्टे. मी विचारतो, 'अरे, यातलं महत्त्वाचं कुठलं?' तर म्हणतो, 'सगळंच, काका.' आणि बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच मागायला आला की पहिला प्रश्न, 'उत्तरांसकट आहे का?' कोरा संच कुणाला नको असतो. (गाईडची पानं बारीक करून मागणारेही येतात. त्यांना मी हात जोडून वाटेला लावतो.)

माझी धाकटी बहीण बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवते. तिला हे सांगितलं तेव्हा तिनं अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 सालचा एक प्रयोग सांगितला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि मग तो बाजूला ठेवून आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर घेतली तर उलटं. आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवलं, नुसतं वाचणाऱ्यांना 42. पोरं फसतात ती इथंच. रात्री धडा दोनदा वाचला की लगेच 'आलं मला' असं वाटतं, आणि त्या घटकेला ते खरंही असतं. पण परीक्षा त्या घटकेला नसते. पुढं 2013 साली डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. मार्कर फिरवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाच्या गटात गेलं. स्वतःची चाचणी घेणं आणि एकच विषय मध्ये दिवस सोडून परत परत करणं, या दोनच पद्धती वरच्या गटात बसल्या.

गणिताचं थोडं वेगळं आहे. पुस्तकातल्या एका सरावसंचात बहुतेक गणितं एकाच पद्धतीची असतात. वर्गसमीकरणं अवयव पाडून सोडवायची म्हटली की ओळीनं सगळी तशीच. हात बसतो, पण कुठली पद्धत वापरायची हे ठरवायची वेळच येत नाही. बोर्डाच्या पेपरात वर्गसमीकरणाच्या शेजारी अंकगणिती श्रेढी आणि तिच्याखाली संभाव्यता येते, तिथं पोरगं गडबडतं. म्हणून धड्याशेवटचे संकीर्ण प्रश्न आणि कोरे संच घड्याळ लावून सोडवायचे. त्यांना पर्याय नाही. जानेवारीत शाहू स्टेडियमवर फुटबॉल सुरू झाला की घरोघरी पोरांवर ओरडा सुरू होतो. माझं मत विचाराल तर दोन तासांच्या सामन्यानं कुणाची दहावी बुडत नाही. त्यापेक्षा उघडं पुस्तक समोर धरून पेंगण्यात जास्त वेळ जातो.

आता मुद्द्याचं. पुतण्याच्या पालकसभेला भाऊ ड्युटीवर असल्यामुळे मी गेलो होतो. पूर्वपरीक्षेचे पेपर बाकांवर मांडले होते. विज्ञान भाग 1 मध्ये त्याला 40 पैकी 24. मी शेवटच्या पानापर्यंत बघितलं. बहिर्वक्र भिंगाची आकृती अगदी बरोबर होती, पण किरणांवर बाणच नाहीत आणि प्रतिमा वास्तव की आभासी, उलटी की सुलटी, यावर अक्षर नाही. गुरुत्वाकर्षणाच्या उदाहरणात आकडा बरोबर आणि एकक गायब. शेवटचा प्रश्न कोरा, कारण सुरुवातीच्या दोन मार्कांच्या उत्तरांना त्यानं पानंच्या पानं भरली होती. 40 मार्कांना दोन तास म्हणजे मार्काला तीन मिनिटं, हा हिशेब त्याला कुणी घालून दिलेला दिसला नाही. यातलं काहीही सुधारायला नव्या नोट्स लागत नाहीत. लागतो तो हाच पेपर, रोज समोर. पण सभा संपली तसे पेपर गोळा झाले, सुतळीनं बांधले आणि गठ्ठा कपाटात. पोराला पुढच्या आठवड्यात विचारलं तर फक्त 24 आठवत होते.

ही एकाच शाळेची गोष्ट नाही. दुकानात येणाऱ्या पोरांना विचारतो, तर पुष्कळ ठिकाणी पेपर एक तासभर दाखवतात आणि परत घेतात. कारण सांगतात रेकॉर्डचं. ठीक आहे, रेकॉर्ड ठेवा, पण प्रत द्यायला काय हरकत आहे? निकालानंतर अर्ज करून फी भरली की खुद्द बोर्ड उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतं. तेव्हा ती फक्त भांडायला उपयोगी. पूर्वपरीक्षेनंतर मिळाली तर शिकायला उपयोगी पडेल. परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, म्हणजे हातात असतात मोजके आठवडे. ते आणखी एका धावत्या उजळणीत घालवण्यापेक्षा शिक्षकांनी वर्गात एकेक पेपर उलगडून घ्यावा आणि चुकलेला प्रश्न आठवड्यानं पुन्हा, पुस्तक मिटून, लिहून घ्यावा. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तिन्ही जिल्हे ज्या विभागीय मंडळाखाली येतात, त्यानं शाळांना तसं एखादं पत्र काढलं तर फार बरं होईल.

माझ्याकडून एवढं करतो. स्वतःचा तपासलेला पूर्वपरीक्षेचा पेपर घेऊन येणाऱ्या दहावीच्या कुठल्याही मुलाला, पुरवण्यांसकट, निम्म्या दरात प्रत काढून देईन. शाळेनं संध्याकाळी गठ्ठा पाठवला तर रात्री शटर ओढल्यावर काम करून सकाळच्या घंटेआधी परत पोचवीन. नोट्सना मात्र नेहमीचाच दर.

आपला,
एक झेरॉक्स दुकानदार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर