बॅटरी कोणी धरायची

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी "शाळेत आहे गं, नंतर करते" म्हणून ठेवून दिला. रागावू नकोस. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन होता, आठवडाभर घरी यायला सात वाजत होते. आज रविवार, म्हणून निवांत पत्रच लिहायला बसले.

दरवर्षी आमच्याकडे थर्माकोलचे ज्वालामुखी आणि तीच ती भाषणं. ऐकून ऐकून मलाही पाठ झालीत. यंदा मोठ्या बाईंना म्हटलं, भाषण एकच ठेवू, बाकी सगळं मुलींनी हाताने करायचं. "करा, पण पसारा नको," म्हणाल्या. पसारा झालाच.

आठवीच्या मुलींनी मोटार केली. एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, रबर बँड, लोहचुंबक आणि मोटार वायंडिंगवाल्याकडून मागून आणलेली तांब्याची तार. तारेचे आठ-दहा वेढे घ्यायचे, दोन टोकं दोन बाजूंना काढून पिनांच्या भोकांत टेकवायची. एकाही गटाची फिरेना. तारेवर वार्निश असतं हे लक्षात आलं, तसं पोरींनी ब्लेडने खरवडून टोकं चकचकीत केली. तरी वेटोळं नुसतं झुलायचं, नंदीबैलाच्या मानेसारखं. शेवटच्या बाकावरच्या एकीने कंटाळून एक टोक वरच्या बाजूनेच खरवडलं होतं. तिचं वेटोळं भिंगरीसारखं सुटलं! उरलेला तास सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती. पूर्ण खरवडलं की अर्ध्या फेरीनंतर धक्का उलटा बसतो आणि वेटोळं मागे येतं. अर्ध्या बाजूला वार्निश राहिलं की नेमका तेवढा वेळ करंट बंद, वेटोळं आपल्या वेगात पुढे निघून जातं. बाबा, हे मी सांगितलं नाही हं. त्यांनीच काढलं. मी तोंड दाबून बसले होते, आणि गप्प बसणं मला किती जमतं ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरीकडे काचेच्या ग्लासात पाणी, त्यात दुधाचे थेंब आणि अंधारात बॅटरीचा झोत. बाजूने निळसर, समोरून नारिंगी. एकीने फळ्यावर 'रामन परिणाम' लिहिलं, ते पुसायला लावलं. हे आकाश निळं का दिसतं त्याचं उत्तर झालं. शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली दाखवलं, ज्यासाठी हा विज्ञान दिन पाळतात, ते वेगळं: विखुरलेल्या प्रकाशातल्या अगदी थोड्या भागाचा रंगच बदलतो. तो असा ग्लासात दिसत नाही.

एकुलतं एक भाषण नववीतल्या मुलीने शास्त्रज्ञ कमला सोहोनींवर केलं. आई, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला, तर मुलगी म्हणून नाकारला, आणि नाकारणारे स्वतः रामन. बाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून घेतलं, वर्षभर काम पाहून मग रीतसर प्रवेश. पुढे १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. एक सहशिक्षक नंतर मला म्हणाले, "त्यांच्याच दिवशी त्यांची उणीदुणी कशाला?" मी म्हटलं, मग कोणत्या दिवशी काढायची?

ते ऐकताना मला आपलं जुनं घर आठवत होतं. फ्यूज उडाला की बाबा, तुम्ही बॅटरी धरायला दादाला हाक मारायचात. मला, "तू लांब हो, शॉक बसेल." मी उंबऱ्यात उभी राहून टेस्टरचा लाल ठिपका बघायचे. दादाला आजही बल्ब बदलायला माणूस लागतो! तक्रार म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडी आहे.

आई, बी.पी.ची गोळी चुकवू नकोस. आणि माळ्यावरचा तो बंद टेबलफॅन भंगारवाल्याला देऊ नका. पुढच्या शनिवारी न्यायला येते, मुलींना उघडून बघायचाय. बाबा, गुडघा बरा असेल तर तुम्हीही माझ्याबरोबर शाळेत चला, टेस्टर घेऊन. पण पाना-स्क्रू ड्रायव्हर पोरींच्या हातात. तुम्ही बॅटरी धरायची.

तुमची,
मनू