जॉबकार्डावर नुसतं ‘आवाज’ न लिहिणाऱ्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

तुम्ही गाड्यांच्या वर्कशॉपच्या सर्व्हिस काउंटरवरून निवृत्त झालात. शाल-श्रीफळ तिथल्या लोकांनी दिलं असणारच. आमच्याकडून हे पत्र. आम्ही म्हणजे बेळगावकडच्या अनगोळ, वडगाव, खानापूर, निपाणी अशा चार ठिकाणचे गाडीवाले. कुणी शाळेत, कुणी दुकानात, कुणी दर आठवड्याला चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणारे. आभार कशाचे ते मोघम लिहिलं तर तुम्हीच म्हणाल, ‘कुठल्या चाकाचं, ते लिहा की!’ म्हणून चाक धरूनच लिहितो.

आधी आवाजांचं. आपल्याकडचा माणूस काउंटरवर येऊन सांगतो, गाडी खडखडतेय. समोरचा संगणकात जॉबकार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीवर, ‘नॉइज’ एवढंच टाकतो. ते कार्ड आतल्या पोराच्या हातात पडेपर्यंत त्यातली खडखड गळालेली असते, चाक गळालेलं असतं, वेगही. तो आवारातल्या गुळगुळीत फरशीवर एक फेरी मारतो, काही ऐकू येत नाही, ‘ओके’ लिहून मोकळा होतो. नाहीतर खालून एखादा बुश (रबरी जोड) जरा सैल दिसला की दोन्ही लोअर आर्म (चाक धरणारे खालचे दांडे) एस्टिमेटमध्ये येऊन बसतात. तुमच्या घरात कन्नड, पण खडखड, टकटक, घूंघूं हे शब्द तुम्ही होते तसे कार्डावर उतरवायचात आणि पुढे तीन गोष्टी लिहायचात: किती वेगाला, कसल्या रस्त्यावर, इंजिन गार असताना की तापल्यावर.

त्यातूनच आम्ही शिकलो. खराब रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाला पुढून एका बाजूने खडखड आली तर आधी स्टॅबिलायझर लिंक (सस्पेन्शनची छोटी जोडदांडी) हलवून बघायची, मग स्ट्रट माउंट (शॉकअबसॉर्बरचा वरचा जोड), आणि लोअर आर्म सगळ्यात शेवटी. लिंक स्वस्त, आर्म महाग. तपासणीचा क्रम उलटा झाला की बिल फुगलंच. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेताना टकटक येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट. तिथे जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय का, हे वाकून पाहायचं. टकटक सुरू व्हायच्या आधी फाटलेला बूट सापडला तर बूट आणि ग्रीसवर भागतं. जांबोटी-कणकुंबीकडचा पावसाळी चिखल एकदा आत गेला की जॉइंटच बदलावा लागतो.

घूंघूं वेगाबरोबर वाढते आणि चालत्या गाडीत गिअर न्यूट्रल केला तरी राहते, तेव्हा एकतर व्हील बेअरिंग, नाहीतर उंचसखल झिजलेला टायर. तुमची युक्ती सोपी होती: पुढचे टायर मागे टाका. आवाजाने जागा बदलली तर टायर; नाही बदलली तर बेअरिंग. आणि गाडी उजवीकडे वळताना आवाज चढला तर बहुधा डाव्या चाकाचं बेअरिंग, कारण वळताना भार तिकडे जातो. हे कळल्यामुळे ‘दोन्ही बाजूची बदलून टाकू’ या वाक्याला आम्हाला उत्तर मिळालं.

दुसरं, तुमची ती रेघ. एस्टिमेटची शेवटची ओळ झाली की खाली पेनाने आडवी रेघ मारून बेरीज लिहायचात, मग मालकाची सही. रेघेच्या खाली काही वाढवायचं तर आधी फोन. ‘लागलंच तर’ असं काम असेल तर तेही रेघेच्या वर, वेगळ्या किमतीसह. बिल कॅश काउंटरवर कमी होत नाही, ते सकाळी जॉबकार्डावरच ठरतं, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण त्या रेघेने सांगितलंत. आता आम्ही गाडी देताना कार्डावर किलोमीटर, पेट्रोलचा काटा, आधीचे ओरखडे, गाडी मिळायची वेळ आणि ‘जुने पार्ट परत हवेत’ एवढं लिहून घेतो आणि सहीनंतर त्याचा फोटो काढतो. काम झाल्यावर जुना पार्ट मागितला तर ‘भंगारात गेला’ हे उत्तर ठरलेलं; आधी लिहिलेलं असलं की पार्ट डिकीत सापडतो.

जादा कामांची यादी हा तर वेगळाच बाजार आहे. इंजिन डिकार्बनायझेशन, इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, इंटेरिअर एनरिचमेंट, रॅट रिपेलंट. नावं अशी की नाही म्हणायला लाज वाटावी. तुम्ही फक्त विचारायचात, ‘गाडीच्या पुस्तकात आहे काय?’ ओनर्स मॅन्युअलच्या मागच्या पानांत देखभालीचा तक्ता असतो: किती किलोमीटर किंवा किती महिने, जे आधी होईल ते. त्या तक्त्यात डिकार्बनायझेशन शोधून सापडत नाही. इंजिन अडखळत असेल, मायलेज घसरलं असेल, तर आधी एअर फिल्टर, प्लग आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) बघायची. रोग नसताना औषध कशाला? अंडरबॉडी कोटिंग खानापूर भागातल्या पावसात उपयोगाचं आहे, हे मान्य. पण एकदा नीट केलेलं कोटिंग दर वर्षी पुन्हा मारायचं नसतं. उडालेल्या जागी तेवढं भरायचं. आणि मारण्याआधी खालची बाजू धुऊन पूर्ण वाळली पाहिजे, नाहीतर ओल आत कोंडून गंज त्याखालीच पसरतो. सकाळी धुतलेल्या गाडीला दुपारी कोटिंग झालं असेल तर त्याचं काय होणार, ते बोलायला नको.

ब्रेकच्या बाबतीत तुमची खिशातली टॉर्च आठवते. चाकाच्या आऱ्यांमधून उजेड टाकून पॅडची जाडी मालकालाच दाखवायचात. नवं पॅड साधारण १० मिलिमीटर असतं; दोन-तीन मिलिमीटर उरलं की बदलायचं. पाच-सहा असताना ‘पुढच्या सर्व्हिसपर्यंत टिकणार नाही’ म्हणणं ही घाई झाली. घाटातून रोजचं जाणं-येणं असेल तर गोष्ट वेगळी. डिस्क बदलायची म्हणाले तर डिस्कवरच कमीत कमी जाडी कोरलेली असते. व्हर्निअर लावून मोजायला सांगायचं. मागचे ड्रम उघडून साफ करणं मात्र टाळू नये. पावसात हँडब्रेक ओढून गाडी चार दिवस उभी राहिली की लायनर ड्रमला चिकटतो. तेव्हा सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा.

एसीचं एक वाक्य तर आम्ही पाठ केलंय: गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. बंद यंत्रणा आहे. फारच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरून घेतला की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच बिल. गॅस मशीनने काढून तोलायचा, यंत्रणा व्हॅक्यूम धरते का ते बघायचं, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमनेच भरायचा. छोट्या गाडीत हा आकडा चारशे-पाचशेच्या आसपास असतो. आणि त्याच्याही आधी डॅशबोर्डखालचा केबिन फिल्टर उपसून बघायचा. कितीतरी गाड्यांची ‘कूलिंग कमी’ तिथल्या पालापाचोळ्यातच असते.

इंजिन ऑइल लहान पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर लागतं. ड्रममधून घातलं तर बिलात ३.१ असा दशांश दिसतो. डबे फोडले तर उरलेलं तेल मालकाचं. ग्रेड पुस्तकातलाच. जाड तेलाने आवाज दबतो म्हणून नव्या इंजिनात जुन्या जीपचं तेल घालणाऱ्यांना तुम्ही हात जोडायचात. गाडी नीट सुरू होत नसेल, पण बॅटरीला इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना चौदाच्या आसपास दिसलं तर आधी दोष टर्मिनलवरच्या पांढऱ्या बुरशीत शोधायचा.

बिल वाचायचंही तुम्हीच शिकवलंत. स्पेअरच्या पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. पाकिटावर ५९० असेल तर बिलात आधी ५०० दिसायला हवेत, मग सीजीएसटी ९ टक्के म्हणजे ४५ आणि एसजीएसटी तेवढाच. बिलात ५९० धरून त्यावर आणखी १८ टक्के लावले असतील तर १०६ रुपये २० पैसे जास्त गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मजुरीवर आधीपासून १८च आहे. त्यामुळे जुनं बिल समोर ठेवून तुलना करताना पार्टची कराआधीची किंमत बघायची.

मजुरीत दुहेरी आकारणी शोधायची. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मग त्याच वेळी क्रँकचं मागचं ऑइल सील बदललं तर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा कशी लागेल? पॅड आणि डिस्क एकदम बदलले, शॉकअबसॉर्बर आणि त्याचा माउंट एकदम बदलला, तिथेही हेच. अलाइनमेंटला आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागायचे. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो (चाकांचा आत-बाहेर रोख) तेवढा टाय रॉडवर बसवता येतो, कॅम्बरला (चाकाच्या उभ्या कलाला) वेगळी सोय नसते. तरी ‘कॅम्बर करेक्शन’ लावलं असेल तर काय सैल केलं आणि काय आवळलं, ते विचारायचं.

‘फ्री सर्व्हिस’मध्ये फक्त मजुरी फुकट असते, तेल आणि फिल्टरचे पैसे लागतात, हे तुम्ही गाडी देतानाच सांगायचात. त्यामुळे नंतरची वादावादी टळायची. बाहेरून हॉर्न किंवा म्युझिक सिस्टीम बसवताना वायर कापून जोड दिला की त्या वायरिंगची वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं, कप्लर (वायर न कापता जोडायचा प्लग) वापरला तर तो प्रश्न कमी, हेही तुमचंच. आणि पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका, टो करून आणा, हे तर तुम्ही पावसाळ्यात फोनवर ओरडून सांगायचात. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो; विम्यात ‘इंजिन प्रोटेक्ट’ ही जादा जोड नसेल तर विमा कंपनीही हात वर करते.

एका गोष्टीत आपलं जमलं नाही. तुम्ही वायपर ब्लेडपासून बल्बपर्यंत सगळं कंपनीचंच घ्या म्हणायचात. वॉरंटी संपलेल्या गाडीला वायपर, बल्ब, केबिन फिल्टर बाहेरून चांगल्या बनावटीचे घेतले तर काही बिघडत नाही असं आमचं अजूनही मत आहे. उलट एअरबॅगचा दिवा, एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा), संगणकाचा अपडेट आणि रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावणं) यांसाठी अधिकृत ठिकाणीच जावं, हे मात्र पटलं. रिकॉलचं काम फुकट असतं आणि गाडीचा चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की ते बाकी आहे का ते कळतं.

काम पुन्हा बिघडून गाडी परत आली तर नवं कार्ड न करता तुम्ही आधीच्या जॉबकार्डचा नंबर घालून ‘रिपीट जॉब’ लिहायचात, म्हणजे दुसऱ्यांदा मजुरी लागत नसे. वर्कशॉपच्या चुकीची अशी लेखी कबुली देणारा माणूस काउंटरवर बसलेला असणं, याचं मोल आम्हाला तुम्ही गेल्यावर जास्त कळतंय. नव्या पोरांना आम्ही आता स्वतःच म्हणतो, जुना नंबर घाला.

आणि तरीही नाही जमलं तर? तुम्ही पायऱ्या सांगून ठेवल्यात. आधी वर्क्स मॅनेजर, मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल आणि तक्रार क्रमांक, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पैसे भरल्याशिवाय गाडी सुटणार नसेल तर भरायचे, पण ‘हरकत नोंदवून भरले’ असं बिलाच्या प्रतीवर लिहून. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत, आपण दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे दावा लावता येतो. आमच्यासारख्या सीमेवरच्यांना हे फार उपयोगाचं आहे. गाडी कोल्हापुरात किंवा फोंड्यात बिघडवली तरी तक्रार बेळगावातच करता येते.

एवढ्या सगळ्यासाठी, अण्णा, मनापासून आभार. उद्यमबागेत कुणा मित्राच्या शेडमध्ये बसणार आहात असं कानावर आलंय. खरं असेल तर पत्ता कळवा.

तुमचे,
खानापूर रोडपासून निपाणीपर्यंतचे गाडीवाले

ता. क. : रॅट रिपेलंटच्या स्प्रेऐवजी बॉनेटखाली निपाणीच्या तंबाखूची पुरचुंडी बांधा, असं तुम्ही हसत सांगितलं होतंत. उसाच्या मळ्याशेजारी राहणाऱ्यांनी ते खरंच केलंय. पुरचुंडी एक्झॉस्टपासून आणि पंख्याच्या पट्ट्यापासून लांब, बॅटरीच्या बाजूला बांधलीय आणि वास उडाला की महिनाभराने बदलतात. उंदीर गेले की नाही ते नक्की सांगता येत नाही, पण बॉनेट उघडलं की मेकॅनिकला शिंक येते.