टेम्पकोच्या नावाखाली साधा रेझिस्टर पाठवलात, त्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर

विषय: व्हीसीओ किटमधला टेम्पको (तापमानाप्रमाणे ओहम बदलणारा खास रेझिस्टर) खोटा निघाल्याबद्दल

नमस्कार,

तुमच्याकडून युरोरॅक व्हीसीओचं (मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये व्होल्टेजप्रमाणे सूर काढणाऱ्या मॉड्यूलचं) किट घेतलंय, बिल सोबत जोडलंय. चॅटवर दरवेळी एकच उत्तर मिळतंय, "सर सोल्डरिंग चेक करा, ट्रिमर फिरवा" (म्हणजे सूर जुळवायचा बोर्डवरचा छोटा स्क्रू), म्हणून आता सगळं सविस्तर लिहून पाठवतोय. प्लीज परत तेच पेस्ट करू नका.

सोल्डरिंग चेक केलंय हो. आयसी बसवायच्या आधी दोन्ही रेल (+१२ आणि -१२ व्होल्टच्या सप्लाय लाइन) ग्राउंडला शॉर्ट नाहीत ना ते मीटरने बघितलं, रिबन केबलची लाल पट्टी -१२ च्या बाजूलाच आहे हे बघितलं, मग रिकाम्या सॉकेटवर टीएल०७२ आयसीच्या ८ नंबर पिनला +१२ आणि ४ नंबरला -१२ येतंय याची खात्री करूनच आयसी लावल्या. मॉड्यूल लगेच चालू झालं, ऑसिलोस्कोपवर करवतीच्या दातांसारखी सॉ वेव्ह एकदम स्वच्छ. बोर्ड तुमचा चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार सुराची आहे. सकाळी ट्यून केलं की एकेक व्होल्ट वाढवत ११०, २२०, ४४०, ८८० हर्ट्झ, म्हणजे एकेक ऑक्टेव्ह वरचे सूर, चोख लागतात. दुपारी खालचा ११० परत जुळवून घेतला तरी वरचा ८८० पार खाली आलेला असतो, ट्रिमर फिरवून आणला जागेवर तर रात्री गार झाल्यावर तोच वर चढतो, म्हणजे तबल्यासारखं दर थोड्या वेळाने हातोडी घेऊन बसायचं का? ट्रान्झिस्टरची जोडी मॅच करून बदलली, टायमिंगचा कपॅसिटर बदलला, सोल्डरिंगचा फ्लक्स आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन काढला. काडीचा फरक नाही.

आता तुमच्या टेक्निकल टीमसाठी (असेल तर). एक्स्पो कन्व्हर्टरचं (व्होल्टचं सुरात रूपांतर करणाऱ्या भागाचं) स्केल तापमानाच्या दर डिग्रीला साधारण ०.३३ टक्के सरकतं, म्हणजे एका ऑक्टेव्हला ४ सेंट (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन), तीन ऑक्टेव्हला १२. माझी खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब तापला की १० डिग्री कुठेच गेले नाहीत, म्हणजे १२० सेंट, अख्ख्या सेमीटोनपेक्षा जास्त. हे भरून काढायलाच तर ३३०० पीपीएमचा (दर डिग्रीला ०.३३ टक्के वाढणारा) टेम्पको लागतो, आणि तुमचं किट बाकीच्यांपेक्षा महाग का, तर "जेन्युइन टेम्पको" म्हणून. पानावर ठळक अक्षरात लिहिलंय तुम्हीच.

तो टेम्पको बोर्डवरून काढला, मीटरच्या वायरी सोल्डर केल्या, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आधी साध्या पाण्यात आणि मग गरम पाण्यात धरला, शेजारी तापमान मोजायला थर्मोकपल. २७ डिग्रीला १००१ ओहम. ५७ ला १००३. खरा असता तर ३० डिग्रीत १०० ओहमच्या आसपास वाढायला हवा होता! नीट बघितला तर निळं अंग, ब्राऊन-ब्लॅक-ब्लॅक-ब्राऊन-ब्राऊन पट्ट्या, म्हणजे कुठल्याही दुकानात चिल्लर पैशात मिळणारा १ के चा साधा मेटल फिल्म रेझिस्टर. पिशवीवर लेबल मात्र "टेम्पको". व्हिडिओ जोडलाय, मीटरचा आकडा आणि तापमान एकाच फ्रेममध्ये आहेत.

पॅकिंग करणाऱ्याने चुकीच्या डब्यात हात घातला की तुम्हालाच सप्लायरने फसवलं हे मला माहीत नाही, आणि ते शोधणं माझं काम पण नाही. मला खरा ३३०० पीपीएमचा टेम्पको कुरिअरने पाठवा, पाठवायच्या आधी तुमच्याकडे गरम करून मोजा आणि दोन्ही रीडिंग लिहून द्या, नाहीतर किटचे पूर्ण पैसे परत करा. "१५ रुपयांचं कूपन देतो" हे जे चॅटवर आलं ते नको. आणि या बॅचमधली किट ज्यांनी ज्यांनी घेतली त्यांना कळवा, कारण ते बिचारे पण आत्ता कुठेतरी ट्रिमरच फिरवत बसले असतील.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार आहे, हाच व्हिडिओ आणि तुमच्या पानाचा स्क्रीनशॉट लावून.

तुमचा ग्राहक,
पुणे